पाचव्याची सोय

1917 साली फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही पाच माणसांची टप असलेली गाडी 360 डॉलरला मिळत असे. या किमतीत चार चाकं, तीन पेडल, पुढे दोन विजेचे दिवे, मागे एक रॉकेलचा दिवा आणि पुढच्या डाव्या बाजूला दाराचं चित्र एवढ्या वस्तू येत. चित्र म्हणजे चित्रच. पत्र्यावर दाराची चौकट उठवलेली. ते उघडत नाही, कारण तिथे दारच नाही. ड्रायव्हरने उजवीकडून चढायचं आणि सरकत सरकत आपल्या जागेवर पोचायचं. पेट्रोल किती उरलं हे सांगणारा काटा नाही. पुढची सीट उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवायची. वेग दाखवणारा काटाही नाही. बाहेर माणूस चालत पुढे गेला तर आपण सावकाश आहोत असं समजायचं. आणि पंक्चर झालं तर? याबाबत हेन्री फोर्ड यांचं धोरण असं दिसतं की हा प्रश्न ज्याला पडेल त्याने तो सोडवावा. जादा चाक नाही आणि ते ठेवायला जागाही नाही.

ही माहिती मी मागितलेली नव्हती. मी सांगलीची, माझ्याकडे स्कूटर आहे आणि तिच्या स्टेपनीत हवा आहे की नाही हेही मला खात्रीने सांगता येणार नाही. थोरल्या बहिणीकडे मिशिगनला उन्हाळ्यात राहायला गेले, तेव्हा विमानतळावरून घरी जाताना भावोजींनी ही माहिती मला दिली. ताईने विचारायचं, आईचे गुडघे कसे आहेत, आणि मी तोंड उघडलं की भावोजींनी 1917 गाठायचं.

"अगं, तू अगदी वेळेवर आलीस," ते म्हणाले. "मागे कॅरियर बसवायचाय."

मला वाटलं, सायकलला.

डेट्रॉईटच्या आसपास राहणारा मराठी माणूस एकतर मोटारींच्या धंद्यात असतो, नाहीतर मोटारींच्या धंद्यातल्या माणसांचे दात तपासत असतो. भावोजी पहिल्या प्रकारातले. एका मोठ्या कंपनीत त्यांनी उभी हयात संगणकाच्या पडद्यावर गाड्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. खऱ्या गाडीला हात लावायची वेळ कधी आली नाही; घरच्या गाडीचं ऑइलसुद्धा दुकानात बदलून आणायचे. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ताईने भाजी लावायला सांगितलं आणि भावोजींनी एका शेतकऱ्याच्या कोठारातून मॉडेल टी आणली. ताईची गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात उभी राहते.

ही फोर्ड चालवणं म्हणजे आधी हँडल मारणं. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बोटांच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. गाडी सुरू झाली की पायाखाली तीन पेडल, पण त्यांत अॅक्सिलरेटर नाही. तो स्टिअरिंगखाली हाताशी. डावं पेडल गिअरचं, मधलं मागे जायचं आणि उजवं ब्रेकचं. ज्याला आजची गाडी येते त्याने हिच्यात बसू नये, कारण त्याचा पाय बरोबर चुकीच्या जागी पडतो. भावोजींचा पडत नाही. त्यांना आजचीही फारशी येत नाही, असं ताई म्हणते.

शिवाय ही गाडी वाटेल तेव्हा बाहेर काढता येत नाही. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते आणि त्या प्लेटवर फक्त मिरवणुका, प्रदर्शनं, क्लबच्या फेऱ्या आणि गाडी नीट झाली का हे बघायला मारलेली चक्कर, एवढंच चालतं. अपवाद ऑगस्टचा. त्या महिन्यात कुठेही, कशालाही न्यावी. आपल्याकडे श्रावण लागला की बंधनं सुरू होतात, तिथे त्याच सुमाराला सुटतात. भारतातही 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी असे नियम आहेत: रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं. पेट्रोल भरायला जाण्याइतकं पेट्रोल जाळायला सरकारची हरकत नाही. आपल्या नियमात ऑगस्ट मात्र नाही.

तर ऑगस्टच्या आत कॅरियर बसला पाहिजे होता.

जादा टायर बरोबर न्यावा ही कल्पना मोटारीनंतर बरीच उशिरा सुचली. आपण जिला स्टेपनी म्हणतो ती 1904 ची. वेल्समधल्या लॅनेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी ती काढली: आरे नसलेलं गोल कडं आणि त्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही. त्याला खेटून हे कडं आवळायचं आणि लंगडत का होईना, घरी यायचं.

"म्हणजे बघ," भावोजी म्हणाले, "आधी लोक घराबाहेर पडले आणि परत कसं यायचं हे मग ठरवलं."

"काहींचं अजून ठरायचंय," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. नळ चालू होता, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं नाही असं धरून आम्ही पुढे गेलो.

फोर्डने जे दिलं नाही ते विकणारे हजारो निघाले. धक्के शोषणारे दांडे, रेडिएटरच्या बुचावर बसणारं तापमापक, आरसे, भोंगे आणि अर्थात टायर अडकवायचे कॅरियर. घरोघर टपालाने कॅटलॉग जात आणि शेतकरी रात्री दिव्यापाशी बसून गाडीला काय काय नाही ते वाचत. भावोजींनी त्यांचा कॅरियर मात्र हर्शीहून आणला होता. पेनसिल्व्हेनियातल्या या चॉकलेटच्या गावात दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, 1955 पासून. पुण्याच्या जुन्या बाजारात जसा गंजका पाना पुढ्यात ठेवून माणूस निश्चिंत बसलेला असतो, तसे तिथे मैलभर बसलेले असतात. फरक इतकाच की गंजाला तिथे भाव जास्त. त्यातल्या एकाने भावोजींना सांगितलं की हा कॅरियर सगळ्या मॉडेल टीना बसतो.

मॉडेल टी 1908 ते 1927 पर्यंत निघत होत्या, दीड कोटींच्या वर निघाल्या. त्या सगळ्यांवर बसते अशी वस्तू एकच. धूळ.

कॅरियर म्हणजे दोन लोखंडी बाहू आणि त्यांना जोडणारी अर्धगोल पट्टी. बाहू चासीच्या मागच्या टोकाला आवळायचे, पट्टीवर टायर टेकवायचा. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि हा 1919 नंतरच्या गाडीचा आहे असं जाहीर केलं. शेजारी अशा वेळी कुठून उगवतात हे सांगलीतही मला कधी कळलेलं नाही. आजोबांकडे स्वतःच्या दोन मॉडेल टी आहेत. पैकी एक चालते. दुसरी पहिलीला चालू ठेवते.

1919 मध्ये काय झालं, तर फोर्डने निघणारे रिम द्यायला सुरुवात केली. रिमवर टायर आधीच चढवून, हवा भरून कॅरियरवर ठेवायचा. पंक्चर झालं की चार नट सोडून जुना रिम काढायचा आणि नवा बसवायचा. भावोजींची गाडी दोन वर्षांनी हुकली. तिच्या लाकडी आऱ्यांच्या चाकाचा रिम चाकाशी कायमचा जोडलेला. टायरच्या कडा रिमच्या ओठांत अडकवलेल्या असतात आणि त्यांना तिथे धरून ठेवते ती निव्वळ हवा, साठ पौंडांच्या आसपास. हवा कमी पडली की टायर रिमवर सरकतो आणि जाता जाता ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. मग जॅक लावा, पट्ट्यांनी टायर उचकटा, ट्यूब ओढा, ठिगळ लावा, पुन्हा कोंबा, कोंबताना पट्टीने नवं भोक पाडा, परत काढा, आणि सगळं जमलं की हातपंपाने साठ पौंड हवा भरा. मागे टायर बांधून नेला तरी यातलं काहीही चुकत नाही. टायर पार चिरफाळला असेल तरच त्या पाचव्याचा उपयोग.

आणि तोही निम्म्या वेळा. कारण मॉडेल टीचे पुढचे टायर 30 बाय 3 आणि मागचे 30 बाय साडेतीन. बाहेरून दोन्ही तीस इंच. आत मात्र पुढचा रिम चोवीस इंचांचा आणि मागचा तेवीसचा, म्हणजे बाहेरून जुळे भाऊ आणि आतून वाटण्या झालेले. पुढचा टायर मागे चढत नाही, मागचा पुढे बसत नाही. कॅरियर एक, त्यावर जागा एकाची.

"मग कॅरियर कशाला?" मी विचारलं.

भावोजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागे उभे राहिले. मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"मागून रिकामी दिसते गं," ते म्हणाले.

हे एकदा बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं असावं, कारण मग काम जोरात सुरू झालं. म्हणजे संगणकावर. चासीचं मागचं टोक, कॅरियर, टायर, सगळं त्यांनी दशांशापर्यंत काढलं. टायरच्या वजनाने बाहू किती लवेल, खड्ड्यात आपटल्यावर किती लवेल, कुठे ताण येईल, तिथे लाल रंग. पडद्यावर कॅरियर एका टिचकीत बसला. मग आम्ही गॅरेजमध्ये गेलो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चासीचं उजवं टोक डाव्यापेक्षा अंगठाभर खाली होतं. कधीतरी कुणीतरी तिला शेतात नांगराला जुंपली असणार, असं आजोबांचं मत. त्या काळी लोक मॉडेल टीचं मागचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवत आणि लाकूड कापत, पाणी उपसत, म्हणजे अशक्य काही नव्हतं.

कॅरियरची भोकं आणि चासीची भोकं एकमेकांसमोर येईनात. भावोजींनी ड्रिल उचललं. आजोबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. जुन्या गाडीच्या चासीला नवं भोक पाडणं हे त्या मंडळींत बसतच नाही; माणूस दारू पितो, घटस्फोट घेतो, पण भोक पाडत नाही. शेवटी इंग्रजी यू आकाराचे बोल्ट घालून चासीला मिठी मारायचं ठरलं. त्यांना पाना लागेना. भावोजींचे सगळे पाने मिलिमीटरचे, चकचकीत, निवृत्तीच्या समारंभात मिळालेले. गाडी इंचांची. आजोबांनी घरून पत्र्याचा डबा आणला, त्यात पाने होते, पान्यांचे तुकडे होते आणि एक माऊथ ऑर्गन होता. माझं काम वायसर धरायचं. "वायसर दे" म्हटलं की मी नट द्यायची आणि "नट दे" म्हटलं की खाली पडायचा.

तेवढ्यात लक्षात आलं की टायर ठेवला की रॉकेलचा दिवा झाकतो. कॅरियर उजवीकडे सरकवला, तर नंबर प्लेट झाकली. प्लेट खाली घेतली. मग टप दुमडून बघितला, तो मागे येऊन टायरवर बसला. टायर खाली घेतला, तो पुन्हा दिव्यासमोर आला. दुपारभर हे चाललं. दिवा, प्लेट, टप आणि टायर या चौघांपैकी कुठल्याही तिघांना ती गाडी सुखाने सांभाळत होती. ताई दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा काही न बोलता गेली. संध्याकाळी आजोबांनी प्लेट उभ्या पट्टीवर दिव्याच्या खाली लटकवली आणि टप कायमचा वर ठेवायचा असा निकाल दिला. उघडी गाडी घेऊन ती बंद ठेवायची, हे भावोजींनी अर्ध्या मिनिटात मान्य केलं. कॅरियरसाठी ते आणखीही बरंच मान्य करतील अशा टप्प्याला आले होते.

रंगावरून एक दिवस गेला. फोर्डची गाडी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळे, त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता असं मला वाटलं. पण काळा कुठला? गाडीचा काळा शंभर उन्हाळे बघितलेला, डब्यातला काळा कालचा. भावोजींनी तीन नमुने रंगवून दोरीवर वाळत घातले. मला तिन्ही काळे दिसले. हे बोलून दाखवल्यावर दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी पूर्वी फक्त गाण्याच्या बैठकीत, चुकीच्या ठिकाणी दाद दिल्यावर बघितली आहे.

टायर मागचाच ठेवायचा ठरलं, कारण मागचे जास्त झिजतात. नवा टायर उन्हात खराब होईल म्हणून त्यावर जुनाच ठेवायचा ठरलं, भेगा पडलेला, ज्याच्यात कुणी हवा भरायला धजणार नाही असा. म्हणजे टायर बदलायची वेळ आली तर हा चालणार नाही, चालला तरी पुढे बसणार नाही, आणि मागे बसला तरी आधी सगळी उचकटाउचकटी आहेच. एवढं नक्की झाल्यावर दोघांना समाधान वाटलं. आता प्रश्न फक्त तो अडकवायचा. रिमशिवायचा टायर म्हणजे नुसतं रबर. कॅरियर रिमसाठी बनवलेला. त्यावर रबर टेकेना, घसरून खाली यायचं. आजोबा म्हणाले, त्या काळी लोक चामड्याचे पट्टे वापरत. भावोजी तळघरात गेले आणि होल्डॉल घेऊन आले. भारतातून पहिल्यांदा निघताना त्यांच्या वडिलांनी बांधून दिलेला. अमेरिकेत अंथरूण मिळत नसेल तर, म्हणून. त्याचे पट्टे अजून शाबूत होते. बक्कल आवळलं, टायर बसला. आजोबांनी कॅरियरची ताकद तपासायला त्यावर स्वतः बसून बघितलं. संगणकावरच्या लाल रंगापेक्षा ही चाचणी भावोजींना जास्त पटलेली दिसली.

त्या रात्री ताई मला म्हणाली, "तुला माहीत आहे का, हे ऑफिसात काय करायचे?"

"गाड्या हलक्या करायचे ना?"

"जादा चाक काढून टाकायचे."

मला खरं वाटेना. ताईने गॅरेजचा दिवा लावला आणि भिंतीवरची फळी दाखवली. लाकडी, पितळी अक्षरांची, भावोजींच्या गटाला मिळालेली. जादा चाक म्हणजे जॅकसकट पंधरा-वीस किलोचं ओझं. जन्मभर बहुतेकांना ते लागत नाही, पण पेट्रोल रोज पितं. म्हणून कंपन्यांनी आधी पूर्ण चाकाऐवजी बारकं दिलं, पन्नास मैलांच्या वेगाच्या वर नेऊ नका अशी ताकीद लिहिलेलं. मग तेही काढलं आणि त्या खळग्यात एक डबा आणि छोटा पंप ठेवला. डब्यातला पांढरा चीक टायरमध्ये सोडायचा, हवा भरायची आणि दुकान गाठायचं. भारतातही 2020 मध्ये सरकारने नियम बदलला: हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा डबा असेल तर छोट्या गाडीत जादा चाक नसलं तरी चालेल. हेन्री फोर्ड यांनी जे 1917 ला दिलं नव्हतं, ते पुढे सगळ्यांनी दिलं, आणि भावोजींच्या पिढीने डोकं लढवून पुन्हा काढून घेतलं. त्या फळीच्या बरोबर खाली, होल्डॉलच्या पट्ट्यांत टायर मिरवत फोर्ड उभी होती.

सकाळी पोहे खाताना मी विषय काढला.

"ती नोकरी होती," भावोजी म्हणाले. "ही गाडी आहे."

याच्यावर मला काही सुचलं नाही. ताईला सुचलं होतं, पण तिने मिरची तोंडात टाकली.

ऑगस्टमध्ये मी आणि ताई तिच्या गाडीतून कोथिंबीर आणि नाचणीचं पीठ आणायला निघालो. मिशिगनचे खड्डे मला माहेरच्यासारखे वाटतात. तिथल्या थंडीत भेगांतून पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि रस्ता उचलतं. आपल्याकडे हेच काम बर्फाची वाट न बघता होतं. परतताना अशाच एका खड्ड्यात पुढचं चाक दणकलं आणि टायर कडेला चिरला, बोटभर. ताईने डिकी उघडली, गालिचा उचलला. खळगा. त्यात डबा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं की ही वस्तू टायरच्या तळव्यातल्या छिद्रासाठी आहे, बाजू फाटली असेल तर उपयोग नाही. ताईने ते मोठ्याने वाचलं. सगळं. मग टो-ट्रकवाल्याला फोन केला आणि त्यानंतर भावोजींना.

भावोजी आले ते फोर्डमधून. का नाही येणार, ऑगस्ट होता. चाळीस मैलांच्या रस्त्यावर पंचवीसने, मागे गाड्यांची रांग, आणि रांगेतले लोक शिव्या द्यायच्या ऐवजी फोन बाहेर काढून फोटो घेत होते. त्यांनी गाडी आमच्यामागे लावली, उजवीकडे सरकले, उतरले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती चालत फोर्डच्या मागे गेली आणि त्या पाचव्या टायरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, तो नाही बसणार," भावोजी घाईने म्हणाले. "तो तेवीस इंची आहे."

तेवढ्यात टो-ट्रक आला. दाढीवाला, दंडावर कवटी गोंदलेला तरुण उडी मारून उतरला, आमच्या गाडीवरून नजर न फिरवता पुढे आला आणि कॅरियरपाशी गुडघ्यावर बसला. हा ओरिजिनल आहे का, त्याने विचारलं. भावोजी म्हणाले, कॅरियर दोन वर्षांनंतरचा आहे, पण भोक एकही पाडलेलं नाही. त्याने मान डोलावली. मग हे पट्टे कुठले? भावोजी त्याच्या शेजारी बसले आणि होल्डॉल म्हणजे काय हे सांगू लागले. थोड्या वेळाने दोघेही फोर्डच्या खाली गेले. रस्त्यावर फक्त चार बूट दिसत होते.

ताईने कोथिंबीर सावलीत ठेवली. मग ती बुटांपाशी वाकून म्हणाली, "अहो, हुक आमच्या गाडीला लावायचाय, एवढं त्याला सांगून ठेवा."